अकरा पूर्णांक चार

“प्रणिता, हा आकडा इतक्या वेळा कसा काय आलाय?”

यास्मिननं विचारलं तेव्हा मी डबीच्या झाकणाचे स्क्रू आवळत होते. मान वर न करताच म्हटलं, “कुठला?”

“अकरा पूर्णांक चार. या पानावर तीनदा, मागच्या पानावर दोनदा. बाकी एकही आकडा इतक्यांदा आलेला नाही.”

“योगायोग असेल.”

“पाचदा?”

गुरुवार होता, दुपारचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आफ्रिकेतल्या मलावीहून डॉक्टर मर्सी फिरी आमचं काम बघायला यायच्या होत्या आणि माझ्या डबीचं झाकण अजून नीट बसत नव्हतं. मला त्या वेळी तेवढी एकच काळजी होती.

विद्यापीठानं त्याच्या दोन वर्षं आधी एक योजना काढली होती. वेगवेगळ्या शाखांच्या पदवीच्या मुलांनी एकत्र येऊन एक संशोधन करायचं. मी इन्स्ट्रुमेंटेशनला होते, विट्याच्या कोष्ट्याची मुलगी, हातमागापासून पॉवरलूमपर्यंतची सगळी यंत्रं घरात खोललेली बघत वाढलेली. अभिनंदन चौगुले सरकारी रुग्णालयात एमबीबीएस करत होता. यास्मिन मुजावर बीएला होती, राज्यशास्त्र घेऊन. मोठे देश लहान देशांना जी वैद्यकीय यंत्रं देणगी म्हणून पाठवतात त्यांचं पुढे काय होतं, हा तिचा विषय. पहिल्या बैठकीत आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो होतो, या माणसाशी बोलायचं तरी काय म्हणून.

पण जमलं. नवजात बाळाची कावीळ सुई न टोचता मोजणारी डबी आम्ही केली. बाळाच्या कपाळावर ती टेकवायची, बटण दाबायचं. आतून निळा आणि हिरवा प्रकाश कातडीवर पडतो आणि परत येतो. किती परत आला ते मोजून डबी आकडा दाखवते. चार दिवसांच्या बाळाला अकरा-बारा असेल तर चालतं. सतराच्या पुढे गेला तर बाळाला दिव्याखाली ठेवायचं. विशीच्या पुढे कावीळ मेंदूत उतरायचा धोका. नियम असा की, आमच्या आकड्यावर कुणी उपचार ठरवायचे नाहीत. रक्ताचा आकडा एका रकान्यात, आमचा शेजारच्या रकान्यात, आणि दोन्हींची तुलना. वॉर्डात अभीकडे तशीच एक डबी आणि एक रोजची वही असायची. आलेख फार सुरेख आला होता. आमचे मार्गदर्शक घोरपडे सर, त्यांनी तो मोठा छापून प्रयोगशाळेच्या दारावर लावला होता. तो पाहूनच मलावीच्या एका रुग्णालयानं दोनशे डब्यांचं बोलणं सुरू केलं होतं.

“इकडे ये,” यास्मिन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

ती डॉक्टर फिरींना द्यायला कच्च्या नोंदींची यादी करत होती. मूळ वही तिच्यासमोर उघडी होती. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अकरा पूर्णांक चार जिथं जिथं होतं तिथं शेजारी माझ्याच अक्षरात लाल पेननं लिहिलं होतं: दाब नीट नाही, वगळले.

“हे तू का वगळलंस?”

“अभीनं डबी नीट टेकवली नसेल. रक्ताच्या आकड्याशी जुळत नव्हते ते.”

“रक्तात किती होतं बघ. सोळा. अठरा. साडेसतरा.” तिनं बोट आडवं सरकवलं. “आणि हा रकाना वाच.”

तो रकाना बाळाच्या रंगाचा होता. सुरुवातीला तिनंच हट्टानं घालायला लावला होता, मी तेव्हा वैतागले होते. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा असं अभी लिहायचा. अकरा पूर्णांक चारच्या प्रत्येक ओळीत एकच शब्द होता. काळा.

आम्ही सगळी वही चाळली. अशी सतरा बाळं निघाली.

मला काय झालंय ते कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. काळ्या कातडीवरून प्रकाश कमी परत येतो. तशात कावीळ जास्त असली तर निळा प्रकाश जवळजवळ येतच नाही. सुरुवातीच्या दिवसांत अशा वेळी डबी अडखळायची, आकडाच दाखवायची नाही. एका प्रदर्शनात पाहुण्यांसमोर ती तशी दोनदा अडखळली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. प्रकाश ठरावीक मर्यादेच्या खाली गेला तर ती मर्यादाच खरी धरायची. त्यानंतर डबी कधी अडखळली नाही. मर्यादेचं उत्तर काय येतं, ते मी कधी काढून बघितलं नव्हतं. आता कागदावर मांडलं. अकरा पूर्णांक चार.

मी अभीला फोन लावला. तो वॉर्डात होता, पाठीमागं बाळं रडत होती.

“अभी, या दोन दिवसांत कुणाला अकरा पूर्णांक चार आलंय का?”

“वही बघतो. थांब.” पानं उलटल्याचा आवाज आला. “दोघांना. का गं?”

“त्यांच्या रक्ताचे आकडे सांग.”

“रक्त कुठलं? परवापासून लॅबचं मशीन बंद आहे. बोललो होतो तुला.”

“मग आपला आकडा तू कुणाला सांगितला नाहीस ना?”

पलीकडे पुन्हा पानं उलटल्याचा आवाज आला.

“अभी.”

“वॉर्डच्या डॉक्टर साळवी मॅडमनी विचारला. मशीन बंद, वॉर्डात चाळीस बाळं, बाई दोन रात्री घरी गेलेल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या डबीत किती येतंय सांग जरा. मी सांगितला.”

“आणि?”

“एक बाळ इथंच आहे, वजन कमी म्हणून ठेवलंय. दुसऱ्याला सकाळी घरी सोडलं. चौथ्या दिवशी अकरा म्हणजे ठीकच असतं.”

“ते अकरा नाहीये,” मी म्हटलं. “डबीला काळी कातडी वाचताच येत नाही. आकडा कितीही असू शकतो.”

फोन तसाच चालू ठेवून तो कुणाशी तरी बोलत राहिला. मग परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. वॉर्डातल्या बाळाचं रक्त काढून त्यानं बाहेरच्या लॅबला पाठवलं होतं. सोडलेल्या बाळाचा केसपेपर त्याच्या हातात होता.

“आईचं नाव कालिंदा केकाण. पत्ता फक्त ऊसतोड टोळी, कारखान्याचा तळ, एवढाच आहे. फोन मुकादमाचा दिलाय, तो बंद लागतोय. मी निघतो. तुम्ही कारखान्याच्या फाटकापाशी या.”

मी डबी दप्तरात टाकली आणि यास्मिनच्या स्कूटरवर मागं बसले. दारात घोरपडे सर भेटले. झाकण बसलं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

कारखान्याच्या तळावर दीडेकशे कोप्या होत्या, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या, कमरेतून वाकून आत जावं लागेल एवढ्या. बहुतेक रिकाम्या. माणसं तोडीला गेलेली. एका कोपीपुढं एक म्हातारी भाकरी थापत बसली होती. अभीनं तिला केकाणांची टोळी विचारली.

“केजकडची का? ती आज हलली इथून. सकाळीच ट्रॅक्टरात सामान टाकलं त्यांनी.”

“कुठं गेली?”

“कॅनॉलच्या पल्याड नवा फड लागलाय, तिकडं.”

“आजी, त्यात एक बाळंतीण होती. आज दवाखान्यातून आलेली.”

“व्हती की. लेकरू घेऊन तशीच चढली ट्रॅक्टरात.”

तिथून कॅनॉल नऊ किलोमीटर. रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, मोटारसायकल घालायलाही जागा नव्हती. एके ठिकाणी ट्रॉली कलंडून रस्ता बंदच झाला होता. आम्ही गाड्या शेताच्या बांधावरून ढकलत पुढं काढल्या. यास्मिनची ओढणी चाकात अडकली, ती तिनं ओढून फाडली आणि पुन्हा गाडी सुरू केली. मधेच अभीचा फोन वाजला. वॉर्डातल्या बाळाचा आकडा आला होता, तेरा. ते सुरक्षित होतं. त्यानं मला तो सांगितला, पण आमच्यापैकी कुणाचाच चेहरा हलका झाला नाही.

पहिल्या फडात भलतीच टोळी निघाली, जतकडची. त्यांनी लांबवर धुरळ्याकडे बोट दाखवलं. तिथं पोचेपर्यंत चार वाजून गेले होते.

कालिंदा मोळ्या बांधत होती. वीस-बावीस वर्षांची असेल. पोटाला घट्ट फडकं बांधलेलं, डोक्याला टॉवेल. उसाच्या वाढ्यांच्या सावलीत, दोन बांबूंना बांधलेल्या झोळीत तिचं बाळ होतं. आम्ही दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर ती विळा खाली ठेवून आली.

“काय राहिलं व्हतं का दवाखान्यात?”

“नाही ताई. बाळाला जरा बघायचंय,” अभी म्हणाला. “कसं आहे?”

“लई गुणाचं हाये. सकाळपून रडलंच नाई.”

“पितंय का?”

“झोपूनच हाये. उठवलं तरी तोंड लावीत नाई.”

अभीनं झोळीतलं फडकं बाजूला केलं. बाळाच्या तळव्यावर त्यानं बोटानं टिचकी मारली. पुन्हा मारली. बाळानं डोळे किंचित उघडले आणि मिटले. रडलं नाही. अभीनं खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यातला पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

“ताई, याला आत्ताच्या आत्ता परत न्यायला पाहिजे. कावीळ वाढलीये.”

तोवर मुकादम येऊन उभा राहिला होता. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. “हे बगा. सकाळीच सोडलंय. लिहून दिलंय, बाळ ठीक हाये. तुमी कोन?”

“मी तिथंच शिकतो.”

“म्हंजी अजून डॉक्टर नाई. ज्यांनी सोडलं त्या डॉक्टर बाई हायेत. मंग आमी कुनाचं ऐकायचं?”

त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी पुढं झाले. “त्यांनी आमच्या यंत्रावर भरवसा ठेवला. यंत्रानं चुकीचा आकडा दाखवला.”

कालिंदा माझ्याकडे बघत होती. “ती पांढरी डबी? कपाळाला लावली व्हती ती?”

“हो.”

“आनलीय का संगं?”

मी दप्तरातून डबी काढली.

“लावा परत.”

अभी नको म्हणाला, वेळ जातोय म्हणाला. पण ती झोळीपाशी हाताची घडी घालून उभी होती आणि तिला ओलांडून बाळ उचलणं आमच्या हातात नव्हतं. मी डबी बाळाच्या कपाळावर टेकवली, बटण दाबलं. अकरा पूर्णांक चार.

“किती आलं?”

मी आकडा दाखवला. मुकादमानं वाचला आणि कागदाशी ताडून पाहिला. “सकाळचाच हाये. एका टिंबाचा फरक नाई. मंग चुकलं कुठं?”

उसाच्या ओळीतून आणखी चारपाच बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रकाश, मर्यादा, प्रोग्रॅम, यातला एकही शब्द तिथं उपयोगाचा नव्हता. बाजूला तीन दगडांच्या चुलीवर चहाचा टोप होता, बुडाला बोटभर काजळी धरलेला. मी तो उतरवला, उपडा केला, आणि डबी कालिंदाच्या हातात दिली.

“तुम्हीच लावा. इथं काळ्यावर टेकवा आणि हे बटण दाबा.”

तिनं टेकवली. दाबलं. आकडा आला. तिनं तो मुकादमापुढं धरला.

“अकरा टिंब चार,” मुकादम म्हणाला.

मग त्यानं पायातली चप्पल काढली, टायरची, काळीकुट्ट. कालिंदानं तिला डबी लावली. तोच आकडा. शेवटी तिनं माझा हात पुढं ओढला आणि माझ्या तळहातावर बटण दाबलं. तीन आलं.

“टोपाला बी कावीळ, चपलेला बी कावीळ,” ती सावकाश म्हणाली. “म्हंजी हिला काळं दिसतच नाई.”

“नाही दिसत.”

“कुनी केलीय ही?”

“मी. चूक माझी आहे. डॉक्टर बाईंची नाही, याचीही नाही.”

“मंग माज्या लेकराला खरी किती हाये?”

“ते मला माहीत नाही. रक्त काढल्याशिवाय कळणार नाही. पण खूप आहे.”

घागरीतलं पाणी घेऊन तिनं हात कोपरापर्यंत धुतले, डोक्याचा टॉवेल सोडून बाळ त्यात गुंडाळलं आणि अभीच्या मोटारसायकलवर जाऊन बसली. तिचा नवरा ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला होता. “त्यास्नी सांगा,” एवढंच ती मुकादमाला म्हणाली. मुकादमानं मान हलवली, आणि मग स्वतःच दुसऱ्या एकाच्या गाडीवर बसून आमच्यापुढं निघाला, ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढून द्यायला. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला तो हाक मारून बाजूला घ्यायला लावत होता.

दिवस मावळायच्या आत आम्ही रुग्णालयात पोचलो. बाहेरच्या लॅबनं वीस मिनिटांत आकडा दिला. पंचवीस पूर्णांक दोन.

साळवी मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. डोळ्यांखाली काळं, केस सुटलेले. “दिव्यानं भागणार नाही. रक्त बदलावं लागेल,” त्या सिस्टरना म्हणाल्या आणि रक्तपेढीला फोन लावला. मग माझ्याकडे वळल्या. “मी विचारायला नको होतं. त्यानं सांगायला नको होतं. आणि तू ती ओळ लिहायला नको होतीस. यावर आपण नंतर बोलू. आता बाहेर थांब.”

मी बाहेर थांबले. कालिंदाही बाहेरच बाकावर होती. आमच्यात दोन माणसं बसतील एवढी जागा होती. ती पुढं सरकली नाही, मीही नाही. आतून साळवी मॅडम मोजत असल्याचा आवाज येत होता, दहा मिली बाहेर, दहा मिली आत. दोन तासांनी त्या बाहेर आल्या आणि कालिंदाला म्हणाल्या, “धोका टळलाय. पण मेंदूवर, कानावर काही परिणाम झाला असेल तर ते आज नाही सांगता येणार.” कालिंदानं विचारलं, “कधी सांगता येईल?” मॅडम म्हणाल्या, “थोडं मोठं झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घोरपडे सरांनी मला आणि यास्मिनला प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

“बाळ ठीक आहे ना?”

“हो सर. सध्या तरी.”

“मग आता माझं नीट ऐक, कोष्टी. चूक सापडली, चांगलं झालं. ती एक ओळ काढायची, सेन्सर बदलायचा, तीन महिन्यांत दुरुस्त. आज त्या बाईंना फक्त आलेख दाखव. आलेखात खोटं काही नाहीये. जी बाळं त्यात आहेत त्यांचे आकडे खरे आहेत.”

“वगळलेली सर?”

“प्रत्येक संशोधनात काही नोंदी वगळतात. आपलं कॉलेज तालुक्याचं. आपल्याकडे बाहेरच्या देशातून कुणी कधी आलेलं नाही. आज हे हातचं गेलं तर पुढच्या मुलांनाही काही मिळणार नाही.” ते ओरडत नव्हते. त्यांनी या डबीसाठी दोन वर्षांचे रविवार दिले होते, हे मला माहीत होतं. “मी तुला खोटं बोल म्हणत नाहीये. जे विचारणार नाहीत ते सांगू नकोस, एवढंच.”

“सर,” यास्मिन म्हणाली, “माझ्या प्रबंधात देणगी म्हणून गेलेल्या आणि तिथं फसलेल्या अशा सहा यंत्रांची नोंद आहे. सहाही वेळा कुणीतरी हेच म्हणालं असणार.”

“तू राज्यशास्त्राची ना?”

“हो सर.”

“मग यंत्राचं आम्हाला बघू दे.”

यास्मिन उठून बाहेर गेली. मी बसून राहिले. मी त्या क्षणी काही ठरवलं होतं असं आता सांगितलं तर ते खरं होणार नाही. मला भीती वाटत होती. सरांचं म्हणणं मला पटायला लागलं होतं, हेही खरं.

डॉक्टर फिरी बरोबर अकराला आल्या. उंच, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पडद्यावर आलेख लागला तेव्हा त्यांनी मान डोलावली. माझं इंग्रजी अडखळत होतं, त्या घाई करत नव्हत्या. मी वीस मिनिटं बोलले. संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“या आलेखात किती बाळं आहेत?”

“एकशे बारा.”

त्यांनी वहीत लिहून घेतलं. घोरपडे सरांनी सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला. आता टाळ्या होणार होत्या, चहा येणार होता. दाराशी यास्मिन उभी होती, फाटकी ओढणी अजून गळ्यातच.

“पण मोजली एकशे एकोणतीस,” मी म्हटलं. “सतरा मी वगळली.”

डॉक्टर फिरींनी पेन थांबवलं. “का?”

मी सांगितलं. ओळ, मर्यादा, रंगाचा रकाना, कालची दुपार, टोप, चप्पल. कुठं शब्द सापडेना तिथं यास्मिननं जोडून दिले. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवरून खाली सोडला.

“ते बाळ कुठं आहे?”

“रुग्णालयात.”

“चला.”

त्या वॉर्डात गेल्या, निळ्या दिव्याखालच्या त्या बाळाजवळ बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. त्याची बोटं उघडून पाहिली, पाय वाकवून पाहिले. कालिंदाला त्यांनी नमस्कार केला, तिनं केला. दोघींना एकमेकींचं काही कळणार नव्हतं आणि दोघींनीही बोलायचा प्रयत्न केला नाही. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “तुमचा आलेख मला नको. त्या सतरा ओळी द्या. आमच्याकडची सगळी मुलं त्या पानांवर आहेत.”

मी वहीची ती पानं झेरॉक्स करून दिली. करार झाला नाही. दारावरचा आलेख सरांनी स्वतः काढला आणि पुढं कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. अभीला बालरोग विभागातली ड्यूटी पुन्हा करावी लागली. साळवी मॅडमना वरून पत्र आलं. नंतर बोलू म्हणाल्या होत्या, पण त्या माझ्याशी त्या विषयावर कधीच बोलल्या नाहीत.

या सगळ्याला आता बारा वर्षं झाली. पण माझ्यापुरती ती गोष्ट त्या शुक्रवारी संपली नाही.

पदवी झाल्यावर मी नोकरी न धरता कॉलेजातच थांबले. ती ओळ काढून टाकली, सेन्सर बदलला. वाचता आलं नाही तर डबी आता तसं सरळ लिहून दाखवायची, आकडा दाखवायची नाही. पुढच्या डिसेंबरात टोळ्या परत आल्या तेव्हा मी आणि यास्मिन तळावर गेलो. कालिंदाची कोपी शोधायला वेळ लागला नाही, मुकादमानंच दाखवली.

ती भाजी निवडत होती. मला बघून उठली नाही, पण बसायला पोतं सरकवलं. तिचा मुलगा आमच्याकडे पाठ करून मातीत खेळत होता. गुटगुटीत, करगोट्याशिवाय अंगावर काही नाही. बघून मला इतकं बरं वाटलं की मी मागूनच त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. मी टाळी वाजवली. तो मातीत हात घालून खेळतच राहिला.

“डाव्या अंगानं या,” कालिंदा म्हणाली. “उजव्यानं त्याला ऐकू येत नाई, डाव्यानं बी कमीच.”

मी उठले, फिरून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि कानाशी हाक मारली. त्यानं मान वळवली आणि हसला.

कालिंदा बराच वेळ भाजीच निवडत राहिली. मग तिनं यास्मिनच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

“केली का नीट?”

“केलीये,” मी म्हटलं. “निदान मला वाटतंय तसं. अजून लावून बघितली नाही फारशी.”

“कुनाला लावनार?”

तिच्या टोळीत हे विचारायचं तोंड मला नव्हतं आणि त्याचसाठी मी आले होते.

ती उठली. हात पदराला पुसले, मुलाला कडेवर घेतलं आणि तिसऱ्या कोपीपाशी जाऊन आत वाकली. “सत्यभामा, लेकराला बाहीर आन गं.” आतून एक पोरगी आली, हातात पाच-सहा दिवसांचं बाळ. काळंभोर, डोळे मिटलेलं.

“हिच्या लेकराला लावा,” कालिंदा मला म्हणाली. “पर नुसतं लावू नका. दवाखान्यात नेऊन रक्त बी काढा.” तिनं कडेवरचा मुलगा दुसऱ्या अंगाला घेतला, डाव्या कानाशी मला जागा होईल असा. “आन दोनी आकडे लिहा. जुळलं नाई तरी लिहा.”